मासळी मंडईचा आराखडा मंजूर होण्यापूर्वी: एका कोळी नातीचे खुले पत्र

प्रति,
मुंबईतील मासळी मंडयांच्या पुनर्बांधणीचे निर्णय घेणारे अधिकारी, लोकप्रतिनिधी आणि त्या मंडयांचे आराखडे तयार करणारे वास्तुरचनाकार यांस,

सविनय नमस्कार.

माझी आजी गेल्या पावसाळ्यात, नारळी पौर्णिमेच्या आधीच्या आठवड्यात, वरळी कोळीवाड्यातील आमच्या घरी वयाच्या ८८व्या वर्षी वारली. तिने साठहून अधिक वर्षे मध्य मुंबईतील एका मंडईत बसून मासळी विकली आणि त्या विक्रीवर आधी आपली मुले आणि नंतर आम्ही नातवंडे वाढवली. त्या मंडईचे नाव मी या पत्रात मुद्दाम लिहीत नाही, कारण मला जे सांगायचे आहे ते एका मंडईपुरते नाही. शहरातील अनेक जुन्या मंडयांप्रमाणे आमचीही मंडई पाडून तिथे नवी बहुमजली इमारत उभी राहणार, असे आम्ही ऐकतो आहोत. इमारत जीर्ण झाली आहे, तिची गळती थांबत नाही आणि ती कधीतरी पाडावी लागेल, याविषयी आमचा वाद नाही. माझे म्हणणे इतकेच आहे की, नव्या इमारतीच्या नकाशावर सही होण्यापूर्वी जुन्या इमारतीत एका बाईचा दिवस कसा जात होता, हे आपण लक्षपूर्वक वाचावे. कारण तो दिवस आजही तिथे बसणाऱ्या शेकडो बायकांचा दिवस आहे आणि मासळी मंडई ही सर्वप्रथम त्यांची कामाची जागा आहे.

आजीचा जन्म १९३७ साली वेसाव्याचा. १९५४ साली लग्न होऊन ती वरळीला आली आणि दोनेक वर्षांतच सासूबाईंबरोबर मंडईत जाऊ लागली. आजोबा दुसऱ्याच्या बोटीवर तांडेल, म्हणजे खलाशांचे प्रमुख, होते. त्या काळी घरात रीत अशी होती की, समुद्रावर पुरुषांनी जायचे आणि बोट किनाऱ्याला लागली की पुढचा सगळा व्यवहार बायकांनी बघायचा. मासळीचा पैसाही बाईच्याच हातात असे. पुढे आजोबांना दम्याने गाठले आणि पस्तिशीतच त्यांचा समुद्र सुटला. ते दिवसभर घराच्या ओटीवर फाटलेली जाळी दुरुस्त करत बसत, मुलांना न्हाऊमाखू घालत, शाळेत पोहोचवत, आणि आजी कमवून आणत असे. या अदलाबदलीची घरात कोणालाही लाज वाटली नाही, हे मी आजोबांच्याही बाजूने नोंदवून ठेवू इच्छिते. मात्र त्या दिवसापासून घरची मासळी बंद झाली आणि आजीला रोज लिलावात उभे राहून माल विकत घेणे भाग पडले.

लिलावासाठी ती पहाटे तीनच्या सुमारास घर सोडत असे. कोळीवाड्यातल्या चार-पाच जणींची एक टॅक्सी ठरलेली असे. टपावरच्या कॅरियरवर रिकाम्या पाट्या बांधायच्या आणि कधी भाऊच्या धक्क्यावर, कधी कुलाब्याला ससून डॉकवर पोहोचायचे. १८७५ साली बांधलेल्या त्या गोदीत, विजेच्या दिव्यांखाली, ओल्या फरशीवर मासळीचे ढीग पडलेले असत आणि बोली लावणाऱ्यांच्या गराड्यात ज्याचा आवाज पोहोचेल त्याचाच भाव ऐकला जाई. कोळणींचा आवाज मोठा, तोंड फटकळ, असे या शहरात सहज बोलले जाते. ज्यांनी पहाटेचा लिलाव पाहिला आहे त्यांना तो आवाज कशासाठी कमावलेला असतो हे ठाऊक आहे. माझी आजी घरात अतिशय हळू बोलत असे.

एका मोठ्या ढिगाची किंमत एकटीला झेपण्यासारखी नसे, म्हणून तिघी-चौघी मिळून तो भागीत घेत आणि तिथेच जमिनीवर वाटे घालत. त्याचा नियम ठरलेला होता: जिने वाटे घालायचे तिने आपला वाटा सर्वांत शेवटी उचलायचा. त्यामुळे वाटे घालणारी एकेक पापलेट हातात घेऊन तोलत असे, या वाट्यातले त्या वाट्यात सरकवत असे, आणि सगळे सारखे झाले अशी तिची स्वतःची खात्री पटल्याखेरीज हात बाजूला घेत नसे. आजीच्या हातचे वाटे असले की बाकीच्या जणी न पाहता उचलत, असे तिच्या शेजारच्या ओट्यावरच्या मावशी अजूनही सांगतात. माल घेताना ती कल्ला उचलून आतला लालपणा बघे, डोळा बघे, आणि अंगठ्याने पाठीशी दाबून बघे. बारकी, वाढ न झालेली पापलेटे ती कधीच घेत नसे; एकदा बारक्या मासळीचे काटे ताटात आले की गिऱ्हाईक पुन्हा आपल्या ओट्याकडे वळत नाही, हा तिचा अनुभव होता. २०२३ साली राज्य सरकारने पापलेटाला राज्य मासा घोषित केले आणि त्याच सुमारास लहान मासळी पकडण्यावर लांबीची किमान मर्यादाही घातली. आम्ही ती बातमी तिला वाचून दाखवली, तेव्हा हे पंचवीस वर्षे आधी व्हायला हवे होते, एवढेच ती म्हणाली.

सकाळी सातच्या आत ती ओट्यावर असे. खाली बर्फाचा थर, त्यावर ओले गोणपाट, त्यावर मासळी, सगळ्यांची डोकी एका बाजूला. सुरमई आणि हलवा मागे, पापलेटे मध्ये, आणि पुढे मांदेली, बोंबील, करंदीचे वाटे. मग दुपारी दोनपर्यंत मांडी मोडायची नाही. या सात तासांत ती पाणी पीत नसे. मंडईत बायकांसाठी जे स्वच्छतागृह होते ते वर्षातले बहुतेक दिवस कुलपात असे, आणि उघडे असले तरी आत पाणी नसे. जवळची दुसरी सोय रस्ता ओलांडून बरीच पुढे होती आणि ओटा उघडा टाकून तिथवर जाणे शक्य नव्हते. म्हणून मंडईत बसणाऱ्या जवळजवळ सगळ्याच बायकांनी पहाटेपासून पाणी न पिण्याची सवय शरीराला लावून घेतली होती. आजीला चाळिशीनंतर लघवीच्या जंतुसंसर्गाचा आणि मूतखड्याचा त्रास वारंवार होऊ लागला. भरपूर पाणी प्या, असे डॉक्टर दरवेळी सांगत आणि ती दरवेळी मान डोलावून घरी येत असे. मुंबईत २०११ पासून 'राइट टू पी' या नावाने बायकांच्या मुताऱ्यांसाठी मोहीम चालली, तिच्याविषयी वर्तमानपत्रांतून पुष्कळ लिहून आले. आजीच्या मंडईतले कुलूप मात्र तिच्या शेवटच्या दिवसापर्यंत तसेच होते. नव्या इमारतीच्या आराखड्यात स्वच्छतागृह असणार, हे मला माहीत आहे. ते मासळीच्या ओट्यांपासून हाकेच्या अंतरावर आहे का, त्याच मजल्यावर आहे का, पहाटे सहाला ते कोण उघडणार आणि त्याच्या पाण्याची जबाबदारी कोणाकडे, हे आपण कागदावर स्पष्ट लिहावे, ही माझी पहिली विनंती आहे.

आजीच्या हातांविषयी लिहिल्याशिवाय तिच्या कामाविषयी लिहून होणार नाही. कोळंबीच्या डोक्याचा काटा बोटात मोडतो, तो काढायला वेळ नसतो, आणि वर दिवसभर बर्फ आणि खारे पाणी. तिच्या उजव्या हाताच्या अंगठ्याची आणि पहिल्या दोन बोटांची कातडी पार गुळगुळीत झाली होती. रात्री ती खोबरेल तेल कोमट करून बोटांना चोळत असे आणि तेवढा वेळ आम्हा मुलांपैकी कोणीतरी तिला पाण्याचा तांब्या उचलून देत असे. म्हातारपणी रेशनच्या दुकानातल्या यंत्राला तिच्या बोटांचे ठसे ओळखू येईनात. दुकानदाराने दोन्ही हातांची बोटे एकेक करून लावून पाहिली, हात पुसून पाहिले, पुन्हा यायला सांगितले. ज्या हातांनी इतकी वर्षे या शहराला मासळी साफ करून दिली, त्या हातांवर स्वतःची ओळख पटवण्यापुरतीही रेघ उरली नव्हती, ही गोष्ट मला आजही सहन होत नाही.

तिला लिहिता-वाचता येत नव्हते, पण तिचा हिशेब कधी चुकला नाही. मंडईच्या गिऱ्हाइकांत गिरणीतले कामगार, कारकून, शाळेतल्या बाया, परळच्या इस्पितळांतल्या नर्सेस असे पगारावर जगणारे लोक पुष्कळ होते आणि महिनाअखेरीस उधारी दिल्याशिवाय धंदा होत नसे. रात्री जेवणे झाली की आजी डोळे मिटून बसे आणि दिवसाची उधारी ओळीने सांगे, आणि माझी आत्या, जी तेव्हा चौथीत असेल, ती वहीत उतरवून घेई. नावे फार थोड्यांची ठाऊक होती; म्हणून नोंदी अशा असत: गिरणीच्या समोरच्या चाळीतले चष्मेवाले, बोंबील दोन वाटे; शाळेच्या बाई, सुरमई चार तुकड्या, मागचे बाकी; नवीन लग्न झालेली, दुसरा मजला, पापलेट एक जोडी. आत्याचे अक्षर आणि आत्याचे गणित या वहीवर घोटले गेले, असे ती स्वतः सांगते. पुढे ती परिचारिकेचे प्रशिक्षण घेऊन एका सार्वजनिक रुग्णालयात लागली आणि तिथूनच निवृत्त झाली. तिच्या प्रशिक्षणाच्या वर्षांत आजीने हातातल्या पाटल्या मोडल्या होत्या. त्या नंतर कधीच केल्या गेल्या नाहीत आणि त्यांचा उल्लेखही तिने कधी केला नाही.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा वही माझ्या वडिलांकडे आली होती. पहिल्या दोन-तीन महिन्यांत उधारी वाढत गेली, मग माणसे येईनाशी झाली. कित्येक कुटुंबे कोकणात, घाटावर आपापल्या गावी निघून गेली. त्या वर्षीच्या कित्येक नोंदींपुढे पैसे आल्याची खूण कधीच झाली नाही. वडिलांनी एकदा एकूण रकमेची बेरीज करून सांगितली तेव्हा आजीने वही मिटायला लावली आणि ज्यांच्या घरी चूल पेटत नाही त्यांच्या नावापुढे आकडे मांडायचे नाहीत, असे बजावले. त्यानंतर काही वर्षे आमच्या घरीही ओढाताण होती. तिने फक्त लवकर उठणे आणखी लवकर केले आणि दुपारी मंडईतून परतताना उरलेला माल घेऊन दोन-तीन इमारतींत दारोदार फिरणे सुरू केले.

जून आणि जुलै असे दोन महिने यांत्रिक बोटींची समुद्रातली मासेमारी कायद्याने बंद असते. या काळात मासळीवाली काय करते, असा प्रश्न मला शाळेत, महाविद्यालयात अनेकदा विचारला गेला. आजी या दिवसांसाठी मार्चपासूनच तयारी करत असे. बोंबील बांबूंना बांधलेल्या दोऱ्यांवर वाळत घालायचे, जवळा निवडायचा, कोळंबी उकडून, सोलून, वाळवून सोडे करायचे, कमी पडेल ते मरोळच्या सुक्या मासळीच्या बाजारातून आणायचे, आणि मे महिन्यात आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याआधीच्या साठवणीच्या, खरेदीला येणाऱ्या जुन्या गिऱ्हाइकांना त्यांचे त्यांचे पुडे बांधून द्यायचे. पावसाळ्यात ती ओट्यावर सुके घेऊन बसे. सुक्या मासळीला दमट हवा चालत नाही आणि आमच्या मंडईचे छप्पर त्याच दोन महिन्यांत सर्वाधिक गळत असे. ती प्लास्टिकचा कागद डोक्यावर बांधून, माल मांडीशी ओढून बसलेली मी पाहिली आहे. वास्तुरचनाकारांनी हे ध्यानात घ्यावे की एकाच ओट्यावर दहा महिने पाणी वाहते आणि दोन महिने थेंबही पडता कामा नये. दोन्ही ऋतूंत उपयोगी पडेल असा ओटा हवा असेल तर तो बायकांना विचारूनच आखता येईल.

आम्हा नातवंडांच्या वाट्याला आलेली आजी ही दुपारनंतरची आजी होती. वडील बेस्टमध्ये वाहक होते आणि त्यांची पाळी बदलत असे. आई लग्नानंतर आजीबरोबरच मंडईत जाऊ लागली होती. त्यामुळे शाळा सुटल्यावर, आणि सुट्टीत तर सकाळपासूनच, मला आणि माझ्या धाकट्या भावाला मंडईतच आणले जाई. ओट्याच्या खाली, बर्फाच्या खोक्याच्या बाजूला, आजीने गोणपाटावर जुने लुगडे अंथरून आमची जागा केली होती. भाऊ तिथे झोपे. मी तिथे पाढे पाठ केले, आणि पायांच्या गर्दीतून गिऱ्हाईक ओळखायलाही शिकले. आम्हाला तिथे कमी पडले असे मी म्हणणार नाही, कारण शेजारच्या प्रत्येक ओट्यावर आमची एकेक मावशी होती. पण भाऊ दोन वर्षांचा असताना ओल्या फरशीवर घसरून त्याची हनुवटी फाटली आणि त्या दिवशी आजी, जी कशानेही डगमगत नसे, ती लिलावाचा माल तसाच टाकून त्याला कडेवर घेऊन धावली होती. कारखान्यांसाठी १९४८ सालच्या कायद्यापासून पाळणाघराची तरतूद आहे. मंडई हा कारखाना नाही, हे मला समजते. तरीही जिथे इतक्या बायका पहाटेपासून दुपारपर्यंत कामावर असतात तिथे मुलांसाठी एक कोरडी, उजेडाची खोली मागणे ही चैन नव्हे.

घरी परतल्यावर ती आधी अंगणातच हातपाय धुऊन लुगडे बदलत असे आणि मगच आम्हाला जवळ घेत असे. वास गेला आहे की नाही हे ती आम्हालाच विचारी. मग संध्याकाळी सगळ्यांत लहान जो असेल त्याच्या ताटातल्या मासळीचे काटे काढण्याचे काम तिचे, आणि ते तिने शेवटपर्यंत, माझ्या मुलीसाठीसुद्धा, केले. डोळ्यांनी अधू झाल्यावर ती बोटांनी चाचपून काटे काढत असे आणि एकही राहत नसे. दर वर्षी कार्ल्याच्या एकविरेला ती मंडईतल्या बायकांबरोबर जात असे. तेवढे दोन दिवस सोडले तर ती सुट्टी घेऊन कुठे गेली असे आम्हा कोणालाच आठवत नाही. आजारपणाची सुट्टी, प्रसूतीची रजा, निवृत्तीचा पैसा यांतले काही तिच्या कामात नव्हतेच. वडिलांच्या जन्मानंतर सव्वा महिन्याने ती ओट्यावर परतली, असे तिच्या सासूबाईंनीच आईला सांगितले होते.

आता परवान्याविषयी. आमच्या घरात मंडईचा ओटा आजीच्या सासूबाईंकडून आजीकडे आला आणि आजीकडून माझ्या आईकडे. कोळी कुटुंबांत हा धंदा बहुतेक ठिकाणी असाच सासूकडून सुनेकडे जातो, कारण मुली लग्न होऊन दुसऱ्या कोळीवाड्यात जातात आणि मुलगे समुद्रावर किंवा नोकरीवर असतात. सासूबाई वारल्यावर परवाना आजीच्या नावावर होण्यास काही वर्षे लागली. त्या काळात आपल्याला कोणी उठवेल या धास्तीने ती सगळ्यांच्या आधी येऊन बसत असे. मंडईच्या बाहेर, पदपथावर बसणाऱ्या बायकांसाठी २०१४ साली पथविक्रेत्यांच्या उपजीविकेचे संरक्षण करणारा कायदा झाला आणि तो चांगला आहे. त्यातील नगर पथविक्रेता समितीत विक्रेत्यांचे प्रतिनिधी किमान ४० टक्के असावेत आणि त्यांत एक तृतीयांश स्त्रिया असाव्यात, असे म्हटले आहे. पण विक्रेता मरण पावल्यास, त्याला कायमचे अपंगत्व आल्यास किंवा तो आजारी झाल्यास त्याच्या जागी कोण बसू शकेल, हे सांगताना त्या कायद्यात आधी पती अथवा पत्नी आणि नंतर अवलंबून असलेले अपत्य, असा क्रम दिला आहे. सून त्यात नाही. ज्या धंद्याचा वारसा सुनेकडेच जातो, त्या धंद्यातल्या बायकांना हा क्रम किती महागात पडू शकतो, याचा विचार दिल्लीत झाला नसेल. मुंबईत तो व्हायला हवा. नव्या मंडईचे ओटे वाटताना आणि परवाने नव्याने लिहिताना वारसांच्या यादीत सुनेचा उल्लेख स्पष्ट शब्दांत करावा, अशी माझी विनंती आहे.

एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषी क्षेत्राचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. त्या वेळी आमच्या कोळीवाड्यातही समाधान व्यक्त झाले. त्या निर्णयाचा लाभ बोटवाल्यांपर्यंत आणि मत्स्यपालनासाठी तलाव घेणाऱ्यांपर्यंत पोहोचेल तसा तो ओट्यावर बसणाऱ्या बाईपर्यंतही पोहोचावा, असे वाटत असेल तर आधी तिची गणना मत्स्यव्यवसाय करणारी म्हणून व्हायला हवी. आजीच्या कागदपत्रांत व्यवसायाच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी गृहिणी असे लिहिलेले आहे.

नव्या इमारतींविषयी आम्ही जे ऐकतो त्यातली एक गोष्ट मला सर्वांत जास्त काळजीत टाकते, ती म्हणजे मासळीला वरच्या मजल्यावर किंवा इमारतीच्या मागच्या अंगाला जागा देणे. वासाची तक्रार येते म्हणून असे ठरवले जाते, हे मी समजू शकते. पण वास हा मासळीचा कमी आणि साचलेल्या पाण्याचा जास्त असतो. फरशीला पुरेसा उतार, रुंद आणि उघडता येणारी गटारे, दिवसातून दोनदा भरपूर पाणी, आणि टाकाऊ भाग त्याच दिवशी उचलला जाणे, एवढे केले तर तक्रारीचे मूळच राहत नाही. याउलट मासळी वर नेली तर बर्फासह भरलेली पाटी वर कोण चढवणार? उद्वाहन बंद पडले त्या दिवशी काय? मंडईत बसणाऱ्या बायकांपैकी पुष्कळ जणी साठीच्या पुढच्या आहेत. आणि गिऱ्हाईक? नोकरीवरून घरी जाताना वाटेत ओटा दिसतो म्हणून माणूस थांबतो. त्याला जिना चढायला लागला की तो पुढे जातो. एकदा दुरुस्तीसाठी आमच्या मंडईतल्या बायकांना काही काळ इमारतीच्या मागच्या गल्लीत बसवले होते. अंतर फार नव्हते, पण तेवढ्याने कित्येक जणींचे रोजचे गिऱ्हाईक तुटले आणि परत आल्यावरही पूर्वीइतके जमले नाही. आजीचे फारसे तुटले नाही, कारण तिचे गिऱ्हाईक तिला शोधत गल्लीत आले; पण प्रत्येक बाईच्या मागे चार दशकांची ओळख नसते, आणि नव्याने बसणाऱ्या सुनेच्या मागे तर मुळीच नसते.

मार्च २०२० च्या अखेरीस करोनाच्या साथीत वरळी कोळीवाडा बंद करण्यात आला, तोवर आजी आठवड्यातून दोन दिवस तरी मंडईत जात होती. त्यानंतर तिचे जाणे सुटले. घरात बसून ती सोडे निवडायची, जवळ्यातला कचरा काढायची आणि आई दुपारी परतली की लिलावात काय भाव निघाला, कोणती मासळी आली, शेजारच्या ओट्यावरची आज आली होती का, हे सगळे विचारून घ्यायची. शेवटच्या आजारपणात तिला मंडई पाडण्याची बातमी आम्ही सांगितली नव्हती. ती तिला मंडईतूनच भेटायला आलेल्या कोणाकडून तरी कळली. तिने आईला एकच प्रश्न केला: नव्या ठिकाणी पाणी बाहेर जायला वाट ठेवली आहे ना? आईला उत्तर देता आले नाही, कारण तिला नकाशा कोणी दाखवलेला नाही.

म्हणून शेवटची विनंती सुनावणीसंबंधी आहे. मंडईतील परवानाधारकांचे म्हणणे ऐकून घेण्यासाठी जी बैठक बोलावली जाते ती सहसा कार्यालयात, सकाळी अकराच्या सुमारास असते. त्या वेळी मासळीवाली ओट्यावर असते. बुधवार, शुक्रवार आणि रविवार हे तर तिचे सर्वांत मोठ्या विक्रीचे दिवस. अशा वेळी बोलावल्यावर बायका आल्या नाहीत, याचा अर्थ त्यांची हरकत नाही, असा कृपया घेतला जाऊ नये. आपण ही बैठक सोमवारी किंवा गुरुवारी, जेव्हा उपासतापासामुळे गिऱ्हाईक कमी असते, दुपारी तीननंतर आणि मंडईतच घ्यावी. नकाशा मराठीत असावा. आणि कागदावरचे चौरस फूट सगळ्यांनाच उमगत नाहीत, तेव्हा नव्या ओट्याचे खरे माप खडूने मंडईच्या फरशीवर आखून दाखवावे. माझी आई आणि तिच्या शेजारणी आपापली पाटी, बर्फाचे खोके आणि कोयता घेऊन त्या चौकटीत बसून पाहतील, आणि सगळे मावते की नाही ते आपल्याला तिथल्या तिथे सांगतील.

कळावे,
आपली विश्वासू,
वरळी कोळीवाड्यातील एक नात